पेटी न उघडता राखण : जुलै १९४५ मधला एक पेच

३१ जुलै १९४५, मंगळवारची दुपार. टोकियोच्या राजवाड्यात सम्राट हिरोहितो यांनी किदो कोइची यांना बोलावून घेतलं. किदो हे राजमुद्रेचे रक्षक, म्हणजे दरबारातले सम्राटाच्या सगळ्यात जवळचे सल्लागार. मे महिन्याच्या हल्ल्यात मुख्य राजवाडा जळून गेला होता. शरणागती पत्करा असा दोस्त राष्ट्रांचा पॉट्सडॅमचा निर्वाणीचा खलिता २६ तारखेला आला होता. पंतप्रधान सुझुकी यांनी त्याची दखल घेण्यासारखं काही नाही अशा अर्थाचं बोलून तीन दिवस उलटले होते. एवढं सगळं डोक्यावर असताना त्या दुपारी बोलणं झालं ते एक आरसा आणि एक तलवार यांबद्दल.

किदो रोज टिपण लिहीत. त्यातली त्या दिवसाची नोंद अशी : इसे आणि आत्सुता या देवस्थानांतली दैवी चिन्हं शेवटी माझ्याजवळ आणून मीच त्यांची राखण करावी हे बरं, असं सम्राटांना वाटतं. पण ती कधी हलवायची हे लोकांच्या मनावर काय परिणाम होईल ते पाहून फार जपून ठरवावं लागेल. सारखी इकडून तिकडे नेणंही बरं नाही, तेव्हा एकदाच शिन्शूला न्यायच्या हिशेबाने विचार करा. राजगृहमंत्र्यांशी बोला, सरकारशी बोला. आणि अगदीच वेळ आली तर मी स्वतः त्यांची राखण करीन आणि त्यांचं होईल ते माझं होईल.

या नोंदीतला पेच मला युद्धाच्या इतिहासापेक्षा राखणदारीचा जास्त वाटतो. जी वस्तू कुणी पाहायची नाही, राखणदारानेही नाही, ती संकटात वाचवायची कशी?

आधी वस्तू कोणत्या ते पाहू. जपानच्या राजघराण्याची तीन पवित्र चिन्हं : याता नो कागामी हा आरसा, कुसानागी ही तलवार आणि यासाकानी नो मागातामा हा मणी. मागातामा काजूगरासारखा वाकडा असतो, एका टोकाला भोक पाडलेला. कथा अशी की सूर्यदेवी आमातेरासू रुसून गुहेत जाऊन बसली तेव्हा तिला बाहेर काढायला झाडाला आरसा आणि मण्यांची माळ टांगली. तलवार तिचा भाऊ सुसानोओ याला आठ डोक्यांच्या सापाच्या शेपटीत सापडली. पुढे देवीने तिन्ही वस्तू नातवाला देऊन त्याला पृथ्वीवर पाठवलं आणि आजचं राजघराणं स्वतःला त्याचेच वंशज मानतं. तलवारीला कुसानागी, म्हणजे ‘गवत कापणारी’, हे नाव नंतरचं. यामातो ताकेरू या राजपुत्राला शत्रूने रानात गाठून गवत पेटवलं, तेव्हा त्याने हिनेच गवत छाटून जीव वाचवला. पुढच्या मोहिमेला निघताना मात्र ती बायकोपाशी ठेवून गेला आणि त्या मोहिमेतून तो परतला नाही. ती तलवार जिथे राहिली ते आत्सुता, आता नागोया शहराच्या पोटात.

पण ‘तीन वस्तू’ म्हटल्यावर हिशेब संपत नाही. जुन्या ग्रंथांप्रमाणे सुजिन या सम्राटाला देवीच्या वस्तूंसोबत एका छपराखाली राहण्याची धास्ती वाटली. म्हणून आरसा आणि तलवार वाड्याबाहेर नेऊन स्थापल्या आणि वाड्यासाठी दुसरा आरसा, दुसरी तलवार घडवली. मूळ आरसा इसेला, मूळ तलवार आत्सुताला. वाड्यात राहिले ते मूळ मणी आणि दोन प्रतिरूपं. प्रतिरूपाला नक्कल म्हणायचं नाही. मूळ देव गाभाऱ्यात आणि पालखीत उत्सवमूर्ती, तरी वाटेतला माणूस पालखीला खोटी म्हणत नाही, तसंच काहीसं. वाड्यातला आरसा वाड्याच्या देवघरात असतो. तलवार आणि मणी सम्राटाच्या निजायच्या खोलीला लागून असलेल्या एका खोलीत. किदोंच्या नोंदीत फक्त इसे आणि आत्सुता येतात ते यामुळे. बाकीचं सम्राटाच्या उशाशीच होतं.

राखणीचा नियम एकच : पेटी उघडायची नाही. सम्राटानेही नाही. दहाव्या शतकातल्या रेइझेइ सम्राटाने मण्याच्या पेटीची दोरी सोडायला घेतली तर आतून पांढरा धूर निघाला आणि तो घाबरून थांबला, अशी जुन्या कथासंग्रहात गोष्ट आहे. आत्सुताच्या पुजाऱ्यांबद्दलचा एक मजकूर एदो काळातला, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांमधला, आहे आणि तो जास्त तपशीलवार आहे. काही पुजाऱ्यांनी हातात दिवा घेऊन चोरून तलवार पाहिली. लाकडी पेटी, तिच्या आत दगडी पेटी, दोन्हींच्या मधे ठासून भरलेली लाल माती. दगडी पेटीत कापराच्या झाडाचा पोकळ केलेला ओंडका आणि त्यात तलवार. लांबी आपल्या मापाने ८२ ते ८५ सेंटीमीटर, पातं वेखंडाच्या पानासारखं, मूठ माशाच्या कण्यासारखी गाठीगाठीची, रंग पांढुरका. पाहणारे एकामागून एक आजारी पडून गेले आणि जो उरला त्याने हे सांगितलं म्हणे. मजकूर खरा की रचलेला, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण ती लाल माती कुणी उगाच रचेल असं मला वाटत नाही. आरशाबद्दल तर एवढंही नाही.

आता किदोंच्या जागी बसून पाहा. त्यांच्या डोक्यात पूर्वीची प्रकरणं असणारच.

पहिलं आठवेल ते दान्नोउराचं. ११८३ मध्ये ताइरा घराणं राजधानी सोडून पळालं तेव्हा त्यांनी बालसम्राट आन्तोकूला आणि तिन्ही चिन्हांना बरोबर नेलं. राजधानीत राहिलेल्या निवृत्त सम्राटाने चिन्हांशिवायच दुसऱ्या एका पोराला गादीवर बसवलं. तो गो-तोबा. मग दोन वर्षं जपानला दोन सम्राट होते. एकाकडे गादी, दुसऱ्याकडे पेट्या. ११८५ च्या वसंतात शिमोनोसेकीच्या सामुद्रधुनीत ताइरांचं आरमार बुडालं. युद्धगाथेत तो प्रसंग असा येतो : आन्तोकूची आजी मणी काखेत धरते, तलवार कंबरेला खोचते, सहा वर्षांच्या नातवाला उचलते आणि लाटांच्या खालीही राजधानी आहे असं त्याला सांगत उडी घेते. मण्याची पेटी लाकडी, ती तरंगत वर आली आणि हाती लागली. आरशाची पेटी घेऊन उडी मारू पाहणाऱ्या दुसऱ्या बाईचं वस्त्र बाणाने नावेला खिळलं, त्यामुळे आरसा वाचला. तलवार गेली. पाणबुडे लावून शोध घेतला तरी ती मिळाली नाही.

बुडाली ती वाड्यातली, म्हणजे प्रतिरूप. आत्सुताची मूळ जागेवरच होती. दरबाराने इसेहून आलेली एक तलवार पुढे तिच्या जागी मानली आणि १२१० च्या राज्यारोहणापासून तिला रीतसर स्थान मिळालं. म्हणजे वस्तू गेली तरी व्यवस्था मोडली नाही, जोड लावून पुढे चालली. हे लक्षात ठेवा, कारण १९४५ मध्ये हा मार्ग कुणाच्या बोलण्यात आलेला दिसत नाही.

दुसरं प्रकरण दोन दरबारांचं. १३३६ मध्ये गो-दाइगो सम्राट चिन्हं घेऊन योशिनोच्या डोंगरात गेला, आणि क्योतोच्या उत्तर दरबाराला दिलेल्या वस्तू खोट्या होत्या असं सांगू लागला. १३९२ मध्ये दक्षिणेने चिन्हं परत केली तेव्हा छप्पन्न वर्षांचं भांडण मिटलं. मिटलं असं वाटलं, एवढंच. १४४३ मध्ये दक्षिणेच्या उरल्यासुरल्या पाठीराख्यांनी क्योतोच्या वाड्यावर रात्रीचा छापा घालून तलवार आणि मणी पळवला. तलवार लगेच सापडली, पण मणी परत मिळवायला १४५८ उजाडलं. त्यासाठी आकामात्सू घराण्याच्या पदरच्या माणसांनी विश्वास संपादन करून दक्षिणेच्या राजपुत्रांना ठार मारलं. पंधरा वर्षं मणी वाड्यात नव्हता आणि तरी सम्राट सम्राटच होता.

या जुन्या भांडणाला विसाव्या शतकात परत फोडणी बसली. १९११ मध्ये शाळेच्या पुस्तकांवरून वाद पेटला की खरा दरबार उत्तरेचा की दक्षिणेचा. दक्षिणेचा, असा निर्णय झाला आणि त्याला चिन्हं त्यांच्याकडे होती हे एक मोठं कारण होतं. गंमत अशी की त्या वेळी गादीवर असलेल्या मेइजी सम्राटाचं घराणं उत्तरेचं. हिरोहितो तेव्हा दहा वर्षांचे होते. ज्याच्या हाती पेटी तो खरा, हा नियम त्यांच्या लहानपणी सरकारने छापून दिला होता, आणि तो लावला तर त्यांचे स्वतःचे काही पूर्वज खोटे ठरत होते. ३१ जुलैच्या त्या बोलण्यातली घालमेल मला इथून आलेली वाटते. धर्मश्रद्धा असेलच, पण गादीचा कागद हरवण्याची भीतीही त्यात आहे.

आता प्रत्यक्ष जागा. आत्सुताच्या आसपास विमानं आणि त्यांचे भाग बनवणारे कारखाने होते, त्यामुळे नागोया हे बी-२९ विमानांचं ठरलेलं लक्ष्य. १४ मे रोजी नागोयाचा किल्ला जळाला आणि वसंत-उन्हाळ्याच्या हल्ल्यांत आत्सुता देवस्थानाच्या बऱ्याच इमारती गेल्या. आज दिसतं ते मुख्य मंदिर १९५५ मधलं आहे. इसेला बाहेरच्या देवस्थानाच्या आवारात जानेवारीतच बॉम्ब पडले होते, आणि जुलैच्या शेवटी देवस्थानाभोवतीचं उजी-यामादा शहर जळालं. आरसा असतो तो आतल्या देवस्थानात, दाट सुरूंच्या जंगलात, गवताने शाकारलेल्या लाकडी देवळात. दर वीस वर्षांनी ते देऊळ शेजारच्या मोकळ्या जागेवर नवं बांधतात आणि आरसा रात्री अंधारात, पांढऱ्या पडद्यांच्या आडोशाने नव्या घरी जातो. चोर आणि वाळवी यांच्याशी झुंजायची ती व्यवस्था आहे, आगीच्या बॉम्बशी नव्हे.

आणि ज्या शिन्शूचा उल्लेख सम्राटांनी केला ते काय? शिन्शू हे नागानो भागाचं जुनं नाव. देवभूमी या अर्थाचा जपानी शब्दही उच्चाराने शिन्शूच, आणि जागा निवडताना ही गोष्ट लष्कराला शुभ वाटली होती. तिथे मात्सुशिरोला नोव्हेंबर १९४४ पासून डोंगर पोखरून राजधानीचं बिऱ्हाड जमिनीखाली न्यायचं काम चाललं होतं. तीन डोंगरांत मिळून दहा किलोमीटरहून जास्त बोगदे, आणि ते खणणारे बहुतेक कोरियन मजूर, त्यातले पुष्कळ सक्तीने आणलेले. त्यांतल्या किती जणांचं काय झालं याचा नीट हिशेब कुणी ठेवला नाही. पेट्या कुठे ठेवायच्या याचा विचार मात्र बारकाईने झाला होता. सम्राटाच्या राहण्याच्या जागेच्या रांगेत देवघर नको, ते मानाने वरचं, म्हणून त्यासाठी वेगळ्या टेकडीत वेगळी जागा ठरली.

किदोंनी हा विषय पहिल्यांदा काढला तो २५ जुलैला. त्यांचं म्हणणं लष्कराच्या मुळावर येणारं होतं. लष्कर म्हणतं मायभूमीवर शेवटची लढाई देऊ. पण शत्रूचे छत्रीधारी सैनिक ठिकठिकाणी उतरले तर मुख्यालयच पकडलं जाईल. मग तिन्ही चिन्हांचं रक्षण होणार नाही, आणि ती गेली की २,६०० वर्षांच्या वंशपरंपरेची खूण गेली, राजघराणं गेलं आणि राष्ट्राचं रूपही गेलं. म्हणून तह करावा.

किदोंना पेट्यांची काळजी खरीच असेल. पण ते मुरलेले राजकारणी होते. लढाई हरतोय, माणसं मरताहेत हे सम्राटाला सांगणारे बरेच होते आणि त्याने काही हललं नव्हतं. लष्करापुढे तर शहरांच्या राखेचा मुद्दा चालतच नव्हता. चिन्हांचा मुद्दा असा होता की कुणी सेनापती त्याला उत्तर देऊ शकत नव्हता. ‘आम्ही इसेचा आरसा वाचवू’ अशी हमी कोण देणार? किदोंनी नेमकी ती जागा पकडली. सहा दिवसांनी सम्राटांनी उत्तर दिलं ते मात्र तहाचं नव्हतं, सामान हलवण्याचं होतं. एकाने युद्ध थांबवायचं कारण म्हणून विषय काढला आणि दुसऱ्याने तो पेटाऱ्यांचा प्रश्न समजून सोडवायला घेतला. त्या दोन तारखांकडे पाहताना मला राग येतो तो याचा. पुढच्या सोमवारी सकाळी हिरोशिमा होतं.

राखणदारीच्या बाजूने पाहिलं तर हातात पर्याय कोणते होते? एक, जागेवर ठेवणं. म्हणजे आग किंवा शत्रू. दोन, मात्सुशिरोला नेणं. बोगदा अपुरा, रस्ते आणि रेल्वे बॉम्बखाली, आणि देव हलला ही बातमी फुटली की लोक समजणार सरकारनेच आशा सोडली. तीन, गुपचूप जवळच्या एखाद्या आडगावच्या देवस्थानात हलवणं. चार, आधीच दुसरी प्रतिरूपं रीतसर मान्य करून ठेवणं. चौथ्याला ११८५ चा आधार होता, पण ते बोलणं म्हणजे मूळ वस्तू जाणार हे कबूल करणं. सम्राटांनी दुसरा निवडला, वेळ न ठरवता. प्रशासनातल्या कुणालाही हा निर्णय ओळखीचा वाटेल : तत्त्वतः मान्य, तारीख नंतर, संबंधितांशी चर्चा करावी. ऑगस्ट उजाडला तरी दोन्ही पेट्या आपल्या जागीच होत्या.

९ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या सुमारास राजवाड्याच्या तळघरात परिषद भरली आणि मतं समसमान पडल्यावर सम्राटांनी तहाच्या बाजूने कौल दिला. त्यामागचं कारण त्यांनी स्वतः १९४६ च्या वसंतात आपल्या जवळच्या माणसांना सांगितलं. ते कथन कागदावर उतरवलेलं होतं आणि १९९० मध्ये छापून आलं. पहिलं कारण, असंच चाललं तर जपानी माणूस संपेल. दुसरं, शत्रू इसेच्या उपसागराजवळ उतरला तर इसे आणि आत्सुता लगेच त्याच्या ताब्यात जातील, चिन्हं हलवायला वेळ मिळणार नाही, ती वाचायची आशा नाही. तेव्हा माझं काही झालं तरी तह करायला हवा. ज्या राखणीसाठी जुलैत बोगद्याचा बेत होता, तिच्यासाठी शेवटी शरणागतीच कामी आली.

यात एक उपरोध आहे. अमेरिकेचा आराखडा इसेच्या उपसागराचा नव्हताच. नोव्हेंबर १९४५ मध्ये क्यूशू बेटाचा दक्षिण भाग आणि मार्च १९४६ मध्ये टोकियोच्या आसपासचं कान्तो मैदान, असे दोन हल्ले ठरले होते. सम्राटांच्या मनातला नकाशा बंदरांचा आणि विमानतळांचा नव्हता. त्यावर दोनच खुणा होत्या, आणि शत्रू त्यांच्याकडेच येणार असं त्यांना वाटत होतं.

१५ ऑगस्टला रेडिओवर सम्राटांचा आवाज आला. आणि तलवार हलली ती त्यानंतर, आठवड्याभरात. लढाई चालू असताना जे झालं नाही ते लढाई संपल्यावर झालं, कारण आता भीती बॉम्बची नव्हती, विजयी सैन्याच्या जप्तीची होती. तलवारी गोळा होणार हे सगळ्यांना दिसत होतं. आत्सुताची तलवार हिदाच्या डोंगराळ भागातल्या मिनाशी देवस्थानात नेली, आजच्या ताकायामा शहराच्या हद्दीत. हा वरच्या यादीतला तिसरा पर्याय. हे देवस्थानही दरबाराला परकं नव्हतं. सम्राट राज्यारोहणात हातात धरतात ती लाकडी पट्टी तिथल्या कुराई डोंगरावरच्या झाडाची असते. महिनाभराच्या आत, सप्टेंबरमध्येच तलवार आत्सुताला परत आली. देवळाच्या पेटीला हात लावायला कुणी सैनिक आलाच नाही. इसेचा आरसा जागचा हललाच नाही.

आता माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात नाजूक भाग. हलवणाऱ्या पुजाऱ्यांना आपण नेमकं काय उचलतोय हे ठाऊक नव्हतं. आत पातं शाबूत आहे की गंजून भुगा झालाय, की काही नाहीच, हे त्यांनी तपासायचं नव्हतं. परत आणल्यावर जे नेलं तेच आणलं याचा पुरावा म्हणजे पेटी आणि तिच्यावरच्या गाठी. बँकेच्या तिजोरीची राखण अशी होत नाही, तिथे मोजदाद करून सही होते. इथे मोजदाद हाच गुन्हा. शोधायला आलेल्या परक्याला काय शोधायचं तेच कळणार नाही, कारण ओळख पटवू शकेल असं खात्रीचं वर्णन कुणाकडे नाही. पण याच न्यायाने आतली वस्तू बदलली गेली तरी कुणाला कळणार नाही. १३३६ मध्ये गो-दाइगोने ‘त्या खोट्या होत्या’ असं म्हटलं तेव्हा कुणी पेटी उघडून त्याचं तोंड बंद करू शकलं नव्हतं.

पुढचं भराभर सांगतो. किदोंनी अटकेनंतर आपली रोजनिशी फिर्यादी पक्षाच्या हवाली केली आणि ती टोकियोच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यातला मोठा पुरावा ठरली. भारताचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल ज्या न्यायपीठावर होते तोच हा खटला. किदोंना जन्मठेप झाली, नंतर तब्येतीच्या कारणावरून सुटले. मात्सुशिरोचे बोगदे आजही आहेत, काही भाग पाहायला खुला आहे. डिसेंबर १९४५ च्या आदेशाने सरकार आणि शिंतो देवस्थानं यांची फारकत झाली. इसे आणि आत्सुता सरकारी राहिली नाहीत, खासगी धार्मिक संस्था झाली. इथे कायद्याचा गुंता तयार झाला : राष्ट्राच्या प्रतीकाची खूण खासगी संस्थेच्या गाभाऱ्यात. १९६० मध्ये संसदेत हा प्रश्न आला तेव्हा इकेदा सरकारच्या लेखी उत्तराचा रोख असा होता की इसेचा आरसा देवस्थानाच्या मालकीचा नाही, तो राजघराण्याने तिथे सोपवलेला आहे. १८८९ च्या राजगृह कायद्यात नवा सम्राट पूर्वजांची चिन्हं स्वीकारतो असं कलमच होतं. १९४७ च्या कायद्यातून ते गेलं. उरलं ते राजघराण्याच्या अर्थव्यवहाराच्या कायद्यातलं एक वाक्य : गादीबरोबर चालत आलेल्या परंपरागत वस्तू गादीच्या वारसाकडे जातात. त्यावर वारसा कर नाही, हेही वेगळ्या कायद्यात लिहिलेलं आहे. ज्या वस्तू कुणी पाहिल्या नाहीत त्यांची किंमत कोणता अधिकारी लावणार होता, कोण जाणे.

वाड्यातली तलवार आणि मणी पूर्वी सम्राटाबरोबर प्रवास करीत, एका रात्रीचा जरी मुक्काम असला तरी. १९४६ मध्ये ते थांबलं. सम्राट जळक्या शहरांतून लोकांना भेटत फिरू लागले तेव्हा पेट्या घरी राहिल्या. १९७४ मध्ये इसेच्या भेटीसाठी त्या परत निघाल्या. एप्रिल २०१९ मध्ये, गादी सोडण्याआधी सम्राट आकिहितो इसेला गेले तेव्हा काळ्या कोटातले सेवक हातांत दोन झाकलेल्या पेट्या घेऊन आगगाडीत चढताना दिसले, एक लांबट, एक चौकोनी. १ मे रोजी नव्या सम्राटांपुढे त्याच पेट्या ठेवल्या गेल्या. समारंभ दहा मिनिटांच्या आतबाहेरचा. राजघराण्यातल्या स्त्रियांना तिथे प्रवेश नव्हता, मंत्रिमंडळातल्या एकमेव महिला मंत्री मात्र हजर होत्या. आणि ७ जानेवारी १९८९ ला, सकाळी साडेसहाला हिरोहितो गेले त्या दिवशी, हाच समारंभ दहा वाजता झाला होता. पेट्यांना दिवसभरही बिनवारशी ठेवत नाहीत.

आत्सुताची तलवार १९४५ च्या आधीही एकदा गेली होती आणि परत आली होती. ६६८ मध्ये दोग्यो नावाच्या भिक्खूने ती चोरून कोरियातल्या सिल्ला राज्याकडे पळ काढला. वादळाने त्याला वाट चुकवून माघारी आणलं. मग ती वाड्यातच राहिली. ६८६ मध्ये तेन्मू सम्राट आजारी पडला, कौल लावला तर तलवारीचा कोप निघाला, आणि तिला आत्सुताला परत पाठवलं. चोर ज्या दारातून गेला असं मानतात ते दार आत्सुताला आजही बंद असतं. आणि तलवार परत आल्याच्या आनंदाचा विधी दर वर्षी ४ मे रोजी संध्याकाळी होतो. आवारातले दिवे मालवतात. पुजाऱ्यांच्या बाहीत एक मुखवटा लपवलेला असतो, जो पाहायची त्यांनाही परवानगी नाही. अंधारात ते बाहीवरूनच पंख्याने त्याला हलकेच थापटतात आणि ‘ओ-हो-हो’ करत हसतात. मग बासरी वाजते, सगळे मिळून मोठ्याने हसतात, पुढच्या जागी जातात आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून.